हरभऱ्याच्या उसळीनंतर धरणारा गुबारा: माझा अनुभव

हरभऱ्याची उसळ खाल्ल्यावर काही तासांनी पोटात गुबारा धरत असे. हिंग, ओवा, कुकरच्या जादा शिट्ट्या, कशानेच फरक पडेना. वैताग आला होता. याचे कारण हरभऱ्यातील रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा: त्यांचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसल्याने त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात आणि तेथील जिवाणू त्या आंबवून वायू तयार करतात. मात्र त्या पाण्यात विरघळतात. म्हणून हरभरे भरपूर पाण्यात १२ तास भिजवून ते पाणी फेकले, धुऊन फडक्यात बांधून मोड आणले (अंकुरताना बी स्वतःच या शर्करा वापरते), ताज्या पाण्यात मऊ शिजवून तेही पाणी ओतून टाकले आणि आरंभी अर्धीच वाटी खाल्ली. गुबारा धरला नाही. त्या पाण्याबरोबर थोडी चव आणि काही जीवनसत्त्वे जातात, तो तोटा मी पत्करला.