बाशिंग फर्न: वाळकी पानं ओरबाडू नका आणि बाकीच्याही या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की बागकामाच्या ग्रुपवर तोच फोटो फिरायला लागतो. आंब्याच्या नाहीतर जांभळीच्या फांदीवर लांब कातरलेली हिरवीगार पानं, बुडाशी वाळकी तपकिरी पानं, आणि खाली प्रश्न, हे बांडगूळ आहे का, काढून टाकू का? तर नका काढू. हे बाशिंग आहे, आपल्या कोकणात, गोव्यात, सह्याद्रीच्या ओल्या भागात सगळीकडे दिसणारं नेचं, म्हणजे फर्न. शास्त्रीय नाव ड्रायनारिया क्वेर्सिफोलिया. हल्ली नवीन याद्यांमध्ये हेच अ‍ॅग्लाओमॉर्फा क्वेर्सिफोलिया म्हणून लागतं, त्यामुळे नर्सरीत दोन वेगळी लेबलं बघून दोन वेगळी झाडं समजून दोनदा पैसे देऊ नका.

बांडगूळवाली चूक आधी घेते कारण ती झाडाच्या जिवावर बेतते. बांडगूळ फांदीच्या आत शिरून तिचं पाणी आणि क्षार ओढतं. बाशिंग फांदीत शिरतच नाही, त्याची मुळं सालीला फक्त बाहेरून चिकटतात, पाणी पावसाचं आणि खत वरून पडणाऱ्या पाचोळ्याचं. फांदी आधीच किडलेली असेल आणि वर ओल्या बाशिंगाचा मोठा गड्डा बसला असेल तर वजनानं ती मोडू शकते, तेवढं बघा, पण धडधाकट आंब्यावरून ते खरवडून काढायचं काहीच कारण नाही.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक, बुडाची वाळकी पानं काढून टाकणं. लोकांना वाटतं झाड मरतंय किंवा निदान घाण दिसतंय, मग कात्री घेऊन साफसफाई. अहो, ती पानं वाळलेलीच असायला हवीत! या नेच्याला दोन प्रकारची पानं येतात. एक लांब, देठाची, खोल कातरलेली हिरवी पानं, मीटरभर किंवा त्याहूनही मोठी होतात, अन्न तयार करणं आणि बीजाणू (नेच्याला बियांच्या जागी येणारी बारीक भुकटी) धरणं हे त्यांचं काम. दुसरी आखूड, बिनदेठाची, वाटीसारखी, नेच्याच्या रांगत्या खोडाला घट्ट बिलगलेली. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ मध्ये याला ओकच्या पानावरून नाव दिलं ते या दुसऱ्या पानांमुळे. ही सुरुवातीला हिरवट असतात, मग लवकरच तपकिरी आणि कडक, कागदासारखी होतात, पण गळत नाहीत. त्यांच्या मागे पाचोळा, धूळ, पक्ष्यांची विष्ठा साचते, ते कुजून खत होतं, मुळं त्यात शिरतात, मुंग्यासुद्धा घर करतात. झाडावर माती नाही म्हणून या नेच्यानं स्वतःची कुंडी स्वतःच केलीय आणि आपण तीच कापून फेकतो.

याचीच बहीण म्हणजे उन्हाळ्यातली घबराट. पाऊस संपून हवा कोरडी झाली की हिरव्या पानांचे कातरे एकेक करून गळतात आणि मधला दांडा नुसता काडीसारखा उभा राहतो. जंगलात फेब्रुवारी-मार्चला बघा, असे काडीवाले गड्डे ढिगानं दिसतील, आणि त्याच गड्ड्यांना पावसाच्या तोंडावर नवे कोंब फुटतात. घरी मात्र लोक या वेळी घाबरून रोज पाणी ओततात, वर युरिया पण टाकतात, आणि मग खोड सडतं. पानं नाहीत तेव्हा पाणी कमी, खत बंद, एवढंच करायचं.

कीटकनाशकाचा किस्सा पण नेहमीचा. हिरव्या पानाच्या मागे बारीक तपकिरी गोल ठिपके दिसले की "खवले कीड लागली" म्हणून फवारणी सुरू. ते बीजाणूंचे ठिपके आहेत. कीड कशीही पसरते, हे ठिपके मात्र पानाच्या आडव्या शिरांच्या मधे दोन-दोनच्या ओळीत शिस्तीत बसलेले असतात. भिंगातून बघितलं तर प्रत्येक ठिपक्यात बारीक पिशव्यांचा झुबका दिसतो, वर झाकण नसतं. पिकलेलं पान कागदावर ठेवा, एक-दोन दिवसात खाली बारीक भुकटी पडेल, ते बीजाणू.

ओळखण्यात गडबड होते कारण लोक फक्त हिरव्या पानाचा फोटो टाकतात. बुडाची वाळकी पानं आणि ते बोटाएवढं जाड, तपकिरी लवदार खवल्यांनी झाकलेलं रांगतं खोड, हे दोन्ही फोटोत आलंच पाहिजे. सह्याद्रीत पावसाळ्यात झाडांवर अखंड, न कातरलेल्या पानांचं मायक्रोसोरम नावाचं दुसरं नेचं पण दिसतं, त्याला वाटीसारखी पानं नसतात. हिमालयात ट्रेकला गेलेले लोक जे "आपलं बाशिंग" म्हणून दाखवतात ते बऱ्याचदा ड्रायनारिया प्रोपिंक्वा ही त्याची जवळची दुसरी प्रजाती असते, तिच्यात ठिपक्यांची प्रत्येक कातऱ्याच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना एकेकच ओळ असते.

आणि हे फक्त सह्याद्रीत सापडतं असं कृपया लिहू नका, खूप ठिकाणी वाचते मी हे. भारतात पूर्व घाट आणि ईशान्येकडे आहे, श्रीलंका, बांगलादेश, म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम, चीनचं हैनान बेट, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स, न्यू गिनी करत ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत पोचलंय. बीजाणू वाऱ्यावर जातात, त्याला समुद्राची काय अडचण.

पण सगळीकडे आहे म्हणून कुठूनही उपटा असं नाही होत. तमिळनाडूत कोल्ली टेकड्यांवर, येरकाडला याच्या खोडाचं सूप करतात, गुडघेदुखीसाठी म्हणून व्हिडिओ फिरतात आणि मग आपल्याकडेही लोक घाटातून गड्डे काढून आणतात. खोड काढलं की ते झाड संपलं. शिवाय चिनी औषधातलं हाडांसाठीचं जे ड्रायनारिया आहे ती प्रजातीच वेगळी आहे, तिथली माहिती आपल्या बाशिंगाला चिकटवून काढा प्यायचा ही मला तरी धोक्याची गोष्ट वाटते.

लावायचं असेल तर नर्सरीतून घ्या किंवा वादळात पडलेल्या फांदीवरचा तुकडा घ्या, वाढता शेंडा आणि दोन-तीन पानं असलेला. मातीत पुरू नका, खोड गाडलं की कुजणारच. नारळाचं सोडण किंवा खरबरीत फळी घ्या, खोड वर उघडं ठेवून सुतळीनं बांधा, कुंडीच हवी असेल तर कोळसा, विटांचे तुकडे, सालीचे तुकडे आणि थोडा पाचोळा, खोड त्यावर नुसतं टेकवलेलं. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं नको. जूनमध्ये बांधलंत तर पावसातच मुळं धरतात, तरी सुतळी लगेच काढू नका, खोड हळूच हलवून बघा, अजिबात हललं नाही की मगच कापा.