एक्सेलमध्ये दोन अंकी वर्षाची तारीख कशी दुरुस्त करावी

मुदत ठेवीची तारीख ३१/०३/३१ अशी टाकली आणि व्याजाचे सूत्र उणे आकडा दाखवू लागले, तर पहिला संशय वर्षावर घ्यावा. दोन अंकी वर्ष कोणत्या शतकातले धरायचे याची मर्यादा विंडोजमध्ये ठरलेली असते; ती २०२९ वर असेल, तर एक्सेल ०० ते २९ हे अंक २००० ते २०२९ आणि ३० ते ९९ हे अंक १९३० ते १९९९ असे समजते. त्यामुळे २०३१ चे निमूटपणे १९३१ होते.

प्रथम त्या चौकटीवर क्लिक करून वरच्या सूत्रपट्टीत पूर्ण वर्ष पाहावे. तेथे २०३१ असेल, तर दोष केवळ दिसण्याचा आहे. कंट्रोल आणि १ ही बटणे एकत्र दाबून कस्टम प्रकारात वर्षासाठी इंग्रजी वाय हे अक्षर चार वेळा लिहावे, की काम झाले. तेथे १९३१ दिसत असेल, तर मात्र कितीही स्वरूप बदलले तरी उपयोग नाही, कारण साठवलेली तारीखच चुकीची आहे. अशा वेळी शेजारच्या रकान्यात ईडेट हे फंक्शन वापरून तारखेत १२०० महिने, म्हणजे शंभर वर्षे, मिळवावेत (१९२८ चा जन्म २०२८ झाला असल्यास वजा करावेत) आणि उत्तर क्रमांकासारखे दिसल्यास त्याला तारखेचे स्वरूप द्यावे.

कंट्रोल पॅनेलमधील रीजन विभागात, अतिरिक्त सेटिंग्जमधील तारखेच्या भागात, ही मर्यादा पुढे नेता येते. परंतु आधी भरलेल्या तारखा त्याने सुधारत नाहीत, आणि फाइल दुसऱ्या संगणकावर भरली जाणार असेल, तर तेथील मर्यादा वेगळी असू शकते. वर्ष चार अंकी टाकणेच मला अधिक भरवशाचे वाटते.