समुद्री टँकसाठी मासे निवडताना या चुका टाळा

परभणीहून मुंबईचा समुद्र सुमारे पाचशे किलोमीटर. मासा मुंबईच्या दुकानातून निघतो, रात्रभर पिशवीत प्रवास करतो आणि सकाळी आपल्या हाती पडतो. इथं आल्यावर त्याचं बाकीच्यांशी पटलं नाही, तर मुंबईकरासारखं रविवारी जाऊन तो परत देता येत नाही. म्हणून मराठवाड्यात रीफ टँक, म्हणजे मासे आणि कोरल (प्रवाळ) असलेला खाऱ्या पाण्याचा टँक ठेवायचा असेल तर कोण कुणासोबत नांदेल हे पैसे द्यायच्या आधीच ठरलेलं असावं. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत आणि त्यापायी चांगले मासे गमावले आहेत.

पाणी तयार करायला डॅमसेल मासे सोडणं

नव्या टँकमध्ये माशांच्या घाणीतून होणारी अमोनिया आणि नायट्राइट ही विषं पचवणारे जिवाणू वाढायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. रिकामा टँक बघत बसायचा कंटाळा येतो. मग दुकानदार सुचवतो, "ताई, तोवर दोन डॅमसेल सोडा. ते मरत नाहीत." मरत नाहीत हे खरं आहे, आणि पुढची सगळी अडचण त्यातूनच उभी राहते.

मी डोमिनो डॅमसेल आणला होता. काळाभोर, कपाळावर आणि दोन्ही कुशींवर एकेक पांढरा ठिपका, बोटाच्या पेराएवढा. काही महिन्यांत तो बोटभर झाला आणि चार फुटी टँकचा डावा अर्धा भाग त्यानं स्वतःचा करून टाकला. नंतर आणलेला फायरफिश तिसऱ्या दिवशी वेव्हमेकरच्या (लाटा करणाऱ्या पंपाच्या) मागे, वरच्या कोपऱ्यात काचेला चिकटून दिसला. हा मासा खुशीत असला की पाठीवरचा लांब तुरा सारखा वरखाली हलवत असतो. तो तुरा मुळापासून तुटला होता, शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या. आई म्हणाली, "अगं, ते लेकरू कोपराच सोडंना. खायला समोरून वाहत चाललंय तरी तोंड उघडंना." दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेलेला होता.

डोमिनोला पकडायला मे महिन्याच्या रात्री टँकमधले सगळे रॉक (दगड) उपसून टबात ठेवावे लागले. दोन तास जाळीनं पाठलाग केला, दोन कोरलं तुटली, पाणी गढूळ झालं ते वेगळंच. जिवाणू वाढवायला माशाची गरजच नाही. रिकाम्या टँकमध्ये रोज चिमूटभर खाद्य टाका किंवा अमोनियाचे थेंब मोजून घाला आणि टेस्ट किटवर अमोनिया, नायट्राइट शून्यावर येईपर्यंत थांबा.

आधी दांडगे, मग गरीब

जो आधी येतो तो जागेचा मालक होतो. म्हणून भित्रे मासे आधी आणि तापट मासे शेवटी. चार बाय दीड बाय दीड फुटाच्या टँकमध्ये साधारण अडीचशे लिटर पाणी मावतं, रॉक आणि वाळू घातल्यावर त्याहून बरंच कमी. एवढ्या जागेत सहा-सात लहान मासे पुष्कळ झाले. माझा आत्ताचा क्रम असा होता: पहिल्यांदा फायरफिश, मग यलो वॉचमन गोबी आणि त्याच्यासोबत पिस्टल कोळंबी, मग बँगाई कार्डिनलची जोडी, सगळ्यात शेवटी क्लाउनफिशची जोडी. दोन खेपांमध्ये निदान महिन्याचं अंतर.

गोबी आणि पिस्टल कोळंबी ही जोडी तर जरूर ठेवा. कोळंबीला नीट दिसत नाही. ती दिवसभर वाळूत बीळ खणते आणि एक मिशी सतत गोबीच्या अंगाला लावून ठेवते. गोबीनं शेपटी थरथरवली की दोघंही क्षणात बिळात. तासन्‌तास बघत बसावं असं आहे.

क्लाउनफिश सगळे जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा मासा पुढे मादी होतो. त्यामुळे एकाच जातीची दोन लहान पिल्लं, एक थोडं मोठं, एक लहान, एकाच दिवशी सोडली की जोडी जमते. तिसरा आणू नका. दुसऱ्या जातीचा क्लाउनही नको, आणि 'मरून' (maroon) जातीचा क्लाउन तर शांत माशांच्या टँकमध्ये अजिबात नको. क्लाउन ज्यात राहतो तो अॅनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) टँकमध्ये लागतोच असं नाही. टँकमध्ये जन्मलेली पिल्लं मागा, ती जास्त टिकतात आणि समुद्रातून काढलेली नसतात.

बँगाई कार्डिनल पाच-सहा एकदम घ्यायचा मोह होतो. मोठे झाल्यावर जोडी जमते आणि ती बाकीच्यांना जगू देत नाही. खात्रीची जोडी घ्या, नाहीतर एकच घ्या.

दिसायला सारखे, स्वभावाला उलटे

जांभळं तोंड आणि पिवळी शेपटी म्हणजे रॉयल ग्रामा, असं समजून बरेच जण रॉयल डॉटीबॅक घरी आणतात. ग्रामा कॅरिबियन समुद्रातला, आपल्याकडे महाग. तो बऱ्यापैकी शांत असतो. डॉटीबॅक स्वस्त मिळतो, आणि छोट्या टँकमध्ये आपल्याहून मोठ्या माशांनाही हैराण करतो. फोटो मोठा करून बघा. ग्रामाचा जांभळा रंग ठिपक्याठिपक्यांनी पिवळ्यात विरत जातो आणि पाठीवरच्या परावर पुढच्या बाजूला काळा डाग असतो. डॉटीबॅकमध्ये दोन रंग रेघ मारल्यासारखे वेगळे दिसतात, डागही नसतो.

सर्वसाधारण नियम असा धरा की अंगाची ठेवण, रंग आणि खाणं सारखं असलेले दोन मासे एकमेकांना वैरी समजतात. सिक्सलाइन रास (wrasse) हा मासा टँकमध्ये असेल तर दुसरा छोटा रास आणू नका. एकटा असला तरी तो नवख्यांना छळतो, म्हणून मी तो ठेवतच नाही.

"रीफ सेफ" म्हणजे काय, हे न विचारणं

दुकानदार "कोरलला चालतो" म्हणतो तेव्हा तो फक्त कोरलाबद्दल बोलत असतो. लायनफिश कोरलाला तोंड लावत नाही, पण तोंडात मावेल तो मासा गिळतो. हॉकफिश क्लीनर कोळंबीवर झडप घालतो. ट्रिगर गोगलगायी फोडून खातो. याउलट बहुतेक बटरफ्लायफिश कोरलाचे पॉलिपच (ज्यांचं कोरल बनतं ते इवले जीव) खातात. कोरल ब्यूटीसारखे छोटे एंजल मासे बेभरवशाचे, एखादा वर्षभर नीट राहून मग चावे घ्यायला लागतो.

मँडरिनचं नाव ऐकलं की मला वाईट वाटतं. इतका देखणा मासा, आणि नव्या टँकमध्ये तो बहुतेक वेळा उपाशी मरतो. दिवसभर रॉकवरचे कोपेपॉड (कोळंबीच्या कुळातले बारीक जीव) टिपणं हेच त्याचं जेवण. टँक वर्षभर जुना आणि रॉक भरपूर असल्याशिवाय घेऊ नका. क्लीनर रासही टँकमध्ये बहुतेक वेळा उपाशीच मरतो. निळा टँग दुकानात दोन इंचांचा दिसतो, पण वाढून फूटभर होतो आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला लगेच बळी पडतो. चार फुटी टँक त्याच्यासाठी नाही.

आणि समुद्रघोडे किंवा आपल्या समुद्रातली दगडी कोरलं कुणी गुपचूप देऊ केली तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांना संरक्षण आहे.

उन्हाळ्यात नवे मासे

एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 च्या पुढे जातो. टँक 25-26 अंशांवर ठेवायचा असतो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यात लाइट गेली की मोठे आणि सतत पोहणारे मासे आधी धापा टाकतात. भांडणंही याच दिवसांत वाढलेली मी पाहिली आहेत. बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी ठेवा. आपली हवा कोरडी असल्यानं पाण्यावर पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी झपाट्यानं उडतं आणि मीठ मागे राहून खारटपणा वाढतो. भर रोज आरओच्या गोड पाण्यानं घाला, बोअरच्या नको. आरओतून वाया जाणारं पाणी आम्ही भांड्यांना वापरतो. पंख्यासाठी झाकण काढलं तर बारीक जाळी ताणून बसवा. फायरफिश आणि रास उडी मारून फरशीवर पडतात.

भांडण लागलंच तर

पहिले एक-दोन दिवस थोडा पाठलाग चालतो. पर फाटले, नवा मासा वर कोपऱ्यात अडकून राहिला किंवा दोन दिवस जेवला नाही, तर वाट बघू नका. नव्या माशाला भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात त्याच टँकमध्ये आठवडाभर ठेवा. सगळे एकमेकांना बघतात, चावता येत नाही. सोडायच्या संध्याकाळी आधी जुन्यांना पोटभर खाऊ घाला, दोन-चार रॉकची जागा बदला म्हणजे हद्दी मोडतात, आणि लाइट बंद करून सोडा.

छळानं खचलेल्या माशावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले, तर औषध वेगळ्या टँकमध्येच द्या. तांब्याचं औषध रीफमध्ये पडलं तर कोळंबी आणि कोरलं मरतात. म्हणूनच नवा मासा आधी चार ते सहा आठवडे वेगळा ठेवायचा.

दांडगा मासा काढायचाच असेल तर माझ्यासारखे रॉक उपसू नका. दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवा, तळाशी थोडी वाळू घाला. दोन-तीन दिवस खाद्य फक्त त्या बाटलीतच टाका. डॅमसेल हावरट असतो, तो बहुतेक वेळा सगळ्यात आधी आत शिरतो.