मे महिन्यात गावी जाताना: कोरडवाहू रानाच्या मातीची तयारी

कोपरखैरणे-घणसोलीत राहणारे आपल्यातले कितीतरी जण माण, खटाव, आटपाडीकडचे. सुट्टीत गावी जाणारच आहात, तर यंदा माती तपासणीसाठी नमुना घ्यायचाच असं ठरवून निघा. पीक निघालेलं, पेरणी व्हायची, रान मोकळं. नमुन्याला हीच वेळ बरी.

निघण्याआधी सातबारा मोबाइलवर काढून ठेवा, प्रयोगशाळेत गट नंबर लागतो. प्लॅस्टिकचं घमेलं, कापडी पिशव्या, चिठ्ठ्या, पेन्सिल आणि मोजायची टेप बरोबर घ्या. खताच्या पोत्यात माती भरायची नाही, आकडेच बिघडतात.

गावी पोचल्यावर आधी घरातल्या थोरल्या माणसांबरोबर रान फिरा, आणि हे घाईत उरकू नका. सातबाऱ्यावर गट एकच असतो, पण आजी सांगेल की वरचा तुकडा मुरमाड, मधलं रान काळं, ओढ्याकडचं चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट झालेलं. वापसा, म्हणजे पावसानंतर मशागतीजोगी ओल, आधी कुठे येतो, पाणी कुठे तुंबतं, पावसाने ओढ दिली की ज्वारी कुठे आधी माना टाकते, हे विचारून लिहून घ्या. त्याप्रमाणे तुकडे पाडा आणि प्रत्येकाची पिशवी वेगळी करा. तिन्ही माती एकत्र कालवली तर येणारा सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्लता) कुठल्याच रानाचा नसतो. घरात मृद आरोग्य पत्रिका, म्हणजे सरकारी माती तपासणीचं कार्ड, असेल तर जरूर बघा, पण २०१५ला ही योजना आली तेव्हा कोरडवाहू भागात १० हेक्टरांमागे एक नमुना धरला होता. ती माती शेजारच्या रानातलीही असू शकते.

नागमोडी चालत जागोजागी व्ही आकाराचा, वीतभर खोल खड्डा घ्या आणि कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून घमेल्यात गोळा करा. बांध, झाडाखालची आणि उकिरड्याची जागा सोडा. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काढत जा, अर्धा किलो उरली की सावलीत वाळवा आणि पिशवीत भरून प्रयोगशाळेत द्या.

मातीची खोली मात्र नेहमीच्या अहवालात येत नाही, आणि जिरायतीला तीच सगळ्यात मोलाची. मुरूम लागेपर्यंत पहारीने खणा, टेप लावा. राहुरी कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीचे वाणही खोलीप्रमाणे सांगितलेत: हलक्या, म्हणजे उथळ रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, ६० सेंटिमीटरच्या वर खोल असेल तर फुले वसुधा.

अहवाल हातात आला की रान कसणाऱ्या भावाला किंवा चुलत्यांना फोन लावा, तुकड्यातुकड्याचे आकडे वाचून दाखवा. बियाणं त्यानंतरच घ्या.