सेंड केलं आणि शंभर ओळी गेल्या

पायथनमधले जनरेटर, यील्ड, फॉर लूप हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. फाइल वाचत जायची, पाचशे ओळींचा गठ्ठा झाला की पुढे द्यायचा, इथपर्यंत कुणाचं अडत नाही. अडतं ते घेणाऱ्याला देणाऱ्याशी बोलायचं असतं तेव्हा. त्यासाठी पायथनमध्ये 2.5 पासून, म्हणजे 2006 पासून, सेंड आहे. जनरेटर ज्या यील्डपाशी थांबलाय, तिथेच तुमची व्हॅल्यू पोचते.

माझी पहिली नोकरी. फॉर लूपने गठ्ठे घेऊन डेटाबेसमध्ये टाकायचो. डेटाबेस रेंगाळला की लूपच्या आतूनच सेंड करायचो, आता शंभराचेच दे. माझ्या लॅपटॉपवर झकास चाललं, कारण तिथे डेटाबेस कधी रेंगाळलाच नाही! खऱ्या सर्व्हरवर मात्र रोज ओळी कमी. एरर नाही, लॉगमध्ये अवाक्षर नाही. सीनियर म्हणाला, "नेटवर्क गंडलंय, रिट्राय लाव." लावला. तीन दिवस वाया. (कोड न उघडता उपाय सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. हे मत मी बदलणार नाही.)

सेंड नुसता निरोप पोचवत नाही. निरोप मिळताच जनरेटर पुढच्या यील्डपर्यंत धावतो आणि पुढचा गठ्ठा सेंडचं उत्तर म्हणून तुमच्या हातात देतो. पंगतीत वाढप्याला "थोडाच वाढा" म्हणावं आणि त्याने ऐकता ऐकताच डाव उपडा करावा, तसं. मी ताट पुढे केलंच नव्हतं. फॉर लूपने मग त्यापुढचा गठ्ठा मागितला, मधला गेला.

पटत नसेल तर एक ते दहा आकडे देणारा जनरेटर लिहा, फॉरमध्ये तीन आला की सेंड करा. पुढे थेट पाच दिसेल. हे आत्ता करून बघा, नुसतं वाचून डोक्यात शिरत नाही. माझ्याही शिरलं नव्हतं.

सुटका सोपी आहे. सेंड वापरायचं तर फॉर सोडा. पहिला गठ्ठा नेक्स्टने (निरोप न देता नुसता पुढचा गठ्ठा मागणारं फंक्शन) घ्या, नंतर व्हाइल लूपमध्ये प्रत्येक गठ्ठा सेंडच्याच उत्तरातून, आणि शेवटी येणारा स्टॉप-इटरेशन, म्हणजे गठ्ठे संपल्याचा इशारा, स्वतः पकडा. सांगायचं काही नसेल तेव्हा नन (None, पायथनचं 'काहीच नाही') पाठवा, ते नेक्स्टसारखंच चालतं. सुरुवातीचं नेक्स्ट विसरून ननखेरीज काही पाठवलंत तर टाइप-एरर येईल. त्याला घाबरू नका, निदान तो बोंब तरी मारतो.

हे पहिल्या फटक्यात न कळणं साहजिक आहे, स्वतःला मठ्ठ समजू नका. पण फॉर आणि सेंड एकाच जनरेटरवर दिसले, तर तो कोड माझ्या हातून पुढे जात नाही. माझ्या त्या स्क्रिप्टमध्ये हरवलेल्या ओळींचा आकडा रोज शंभराच्या पटीत यायचा. तीनशे, सातशे, चारशे. मी तो रोज वहीत लिहून ठेवत होतो.