छोट्या गाडीला रुंद टायर कसे बसवावेत, म्हणजे ते घासणार नाहीत

स्विफ्टसारख्या छोट्या, चपळ गाडीला रुंद टायर बसवण्यामागे बहुधा दोन कारणे असतात. सोलापूर-पुणे महामार्गावर वेगात असताना गाडी अधिक स्थिर वाटावी, हे सांगितले जाणारे कारण आणि गाडी रुबाबदार दिसावी, हे न सांगितले जाणारे. दोन्ही रास्त आहेत. मात्र टायर घासेल की नाही, हे केवळ त्याच्या रुंदीवर ठरत नाही. टायरची आतली आणि बाहेरची कड नेमकी कुठे येते आणि गाडी माणसांनी भरल्यावर चाक त्याच्या वरच्या कमानीत किती वर जाते, यावर ते ठरते. त्यामुळे या कामातला महत्त्वाचा भाग टायरच्या दुकानात जाण्यापूर्वीच उरकावा लागतो.

पहिली पायरी : मूळ माप आणि नव्या मापाचा हिशेब

चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर कंपनीने मान्य केलेली टायरची मापे आणि हवेचा दाब लिहिलेला असतो; तो आधी उतरवून घ्यावा. स्विफ्टच्या खालच्या श्रेणीला १६५/८० आर १४ आणि वरच्या श्रेणीला १८५/६५ आर १५ हे माप येते. यातला पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या टक्क्यांत बाजूची उंची आणि शेवटचा रिमचा इंचातला व्यास. बाजूच्या उंचीची दुप्पट आणि इंचांवरून मिलिमीटरमध्ये बदललेला रिमचा व्यास यांची बेरीज केली की संपूर्ण चाकाचा व्यास मिळतो. १८५/६५ आर १५ चा व्यास सुमारे ६२१.५ मिमी, १९५/६० आर १५ चा ६१५ मिमी आणि १९५/५५ आर १६ चा सुमारे ६२१ मिमी येतो. नवा व्यास मूळ व्यासाच्या एका टक्क्याच्या आसपास राहिला, तर स्पीडोमीटरही फारसा चुकत नाही आणि वरच्या बाजूला जागाही कमी पडत नाही. २०५/५५ आर १६ मात्र जवळपास ६३२ मिमी भरतो आणि छोट्या गाडीत घासण्याची सुरुवात बऱ्याचदा अशाच मापापासून होते.

याच वेळी टायरवरचा भारांक पाहावा. भारांक ८८ म्हणजे एका टायरची क्षमता ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५ किलो. १९५/५५ आर १६ हा टायर साधारणतः ८७ भारांकाचा मिळतो, म्हणजे मूळ टायर ८८ चा असेल, तर तो रुंद असूनही कमी पडतो. त्याच मापात ९१ भारांकाचा जादा क्षमतेचा टायर मागावा.

दुसरी पायरी : कड कुठे येणार, हे काढणे

रिमच्या मागच्या बाजूला ‘ईटी’ या अक्षरांपुढे एक आकडा कोरलेला असतो. तो ऑफसेट होय, म्हणजे रिमची मध्यरेषा आणि रिम हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या गाडीच्या मधल्या भागाला, टेकते ती पाठ यांमधले मिलिमीटरमधले अंतर. हा आकडा जितका कमी, तितके चाक बाहेर येते. समजा, जुना टायर १८५ चा व ऑफसेट ४५ आहे आणि नवा टायर १९५ चा आहे. ऑफसेट ४५ च ठेवला, तर टायर दोन्ही बाजूंना सुमारे ५ मिमी वाढतो. ऑफसेट ४० घेतला, तर आतली कड जिथल्या तिथे राहते आणि बाहेरची १० मिमी सरकते. ऑफसेट ३५ घेतला, तर आत ५ मिमी जागा सुटते, पण बाहेर टायर १५ मिमी येतो, मडगार्डच्या ओठाला, म्हणजे आत वळलेल्या कडेला, लागण्याचा धोका वाढतो आणि स्टेअरिंग जड व एका बाजूला ओढणारे होऊ शकते. दुकानात ‘बसतंय, काही होत नाही’ असे सांगतात ते बहुधा बोल्ट बसतात एवढ्याच अर्थाने. मारुतीच्या या गाडीला चार बोल्टांचे आणि बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिमी असलेले रिम लागते आणि मध्यछिद्र ५४.१ मिमी असते. रिमचे छिद्र मोठे असेल, तर मधली फट भरणारी हबची रिंग घालावी, अन्यथा थरथर जाणवते.

तिसरी पायरी : गाडीवर प्रत्यक्ष मोजणे

हे मोजमाप गाडी जॅकवर असताना करू नये. जॅकवर चाक खाली लोंबते आणि जागा खऱ्यापेक्षा जास्त दिसते. सपाट जमिनीवर, गाडीत चार-पाच माणसे बसवून, पुढच्या चाकाच्या आत शॉक अॅब्सॉर्बरपर्यंत आणि मागच्या चाकाच्या बाहेर मडगार्डच्या ओठापर्यंत अंतर मोजावे. त्यातून दुसऱ्या पायरीत काढलेली वाढ वजा केल्यावर सर्वांत जवळच्या जागी किमान ५ मिमी तरी उरले पाहिजे. मागे थोडे जास्त ठेवावे.

चौथी पायरी : तात्पुरते बसवून तपासणे

शक्य असल्यास एक पुढचे आणि एक मागचे चाक आधी बसवून पाहावे, कारण हवा भरून रस्त्यावर धावलेला टायर दुकानदार सहसा परत घेत नाही. मडगार्डच्या आतल्या कडेवर आणि कमानीच्या आतल्या प्लॅस्टिकच्या आवरणावर, म्हणजे लायनरवर, खडूचा पट्टा काढावा किंवा मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचे छोटे गोळे चिकटवावेत. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे, मग गाडी तिरपी एखाद्या छोट्या चढणीवर हळू नेऊन एक चाक वर दाबले जाईल असे करावे. चपटा झालेला गोळा किंवा पुसलेला खडू जागा दाखवून देतो.

यानंतर भरल्या गाडीची चाचणी घ्यावी, कारण सोलापूरची गाडी सहसा एकट्याने चालवली जात नाही. तुळजापूर, अक्कलकोट किंवा पंढरपूर म्हटले की घरातले पाच जण आणि डबे हे ठरलेलेच. तुळजापूरच्या घाटातील वळणावर किंवा गतिरोधक ओलांडताना मागच्या बाजूने घासण्याचा आवाज आला, तर तो बहुतेक मागच्या मडगार्डच्या ओठाचाच असतो.

पाचवी पायरी : किरकोळ घासणे असेल तर

लायनर सैल झाल्यामुळे लागत असेल, तर नव्या क्लिपा लावून तो मागे बसवावा. ओठ दाबायचा असेल, तर रंग आधी गरम करून अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावा. थंड रंग तडकतो. स्पेसर, म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये बसवायची चकती, घालून चाक बाहेर काढण्याचा उपाय मी सुचवणार नाही. त्यापेक्षा योग्य ऑफसेटचे रिम महाग पडले तरी बरे.

कायद्याकडे दुर्लक्ष करू नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर निर्बंध आहेत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा अर्थ अधोरेखित केला. याचमुळे खालच्या श्रेणीच्या गाडीसाठी वरच्या श्रेणीचेच १८५/६५ आर १५ हे माप निवडणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. त्यात घासण्याचा प्रश्न जवळपास येतच नाही. याहून वेगळे माप घ्यायचे असल्यास आधी आरटीओत विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

बसवल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यावी, नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने, म्हणजे ठरावीक जोराने, आवळावेत आणि सुमारे १०० किमीनंतर पुन्हा तपासावेत. हवा पहाटे, टायर थंड असताना भरावी. मे महिन्यात दुपारच्या तापलेल्या टायरचा दाब पाहून हवा काढणे चुकीचे आहे. स्टेपनी जुन्या मापाचीच राहिली, तर तिचे मूळ नट डिकीत ठेवावेत, कारण अलॉयचे नट लोखंडी रिमला नेहमी बरोबर बसतातच असे नाही.