विहिरीवरची मोटर किती वीज वाया घालवते, ते कसं तपासायचं

आमच्या रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटरची तार नव्यानं गुंडाळायच्या दुकानात हा प्रश्न ठरलेला: "मोटर पाच एचपीची, मग पाणी एवढंच का?" घरीच तपासा ना.

मोटर चालू करून विहिरीतली पातळी जरा स्थिरावू द्या. मग २०० लिटरचा बॅरल पाइपाखाली धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. समजा २५ सेकंदांत भरला, म्हणजे सेकंदाला ८ लिटर. पाण्याच्या पातळीपासून पाइपाच्या तोंडापर्यंतची उभी उंची मोजा. धरा २० मीटर. ८ × ९.८१ (हा गुरुत्वाकर्षणाचा आकडा) × २० म्हणजे साधारण १५७० वॅट. पाण्याच्या वाट्याला आलं ते एवढंच. आता तासाभरात मीटर किती युनिट पडलं ते बघा. साडेचार पडलं, तर ४५०० वॅट आत गेले. कार्यक्षमता ३५ टक्के!

उरलेली ऊर्जा नष्ट झाली नाही, तिची उष्णता झाली. वायंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तापतं, बेअरिंग घासतं, इम्पेलरमध्ये (पंपातल्या फिरत्या चाकात) पाणी घुसळतं, पाइपाला घासत वर चढतं. शंभर टक्के कुठल्याच यंत्रात मिळत नाहीत. मोटरला डायनमो जोडून फुकट वीज काढणारे व्हिडिओ कृपा करून मला पाठवू नका.

सुरुवात पाइपापासून करा. तेवढ्याच पाण्याला दोनऐवजी अडीच इंची पाइप टाकला, की घर्षणाचा तोटा जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. काटकोनी एल्बोच्या जागी लांब बेंड बसवा, फूटव्हॉल्वची (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाच्या झडपेची) जाळी साफ करा. वाळूनं इम्पेलर झिजला असेल तर तो बदलाच. तिथं रिवाइंडिंग करून काही उपयोग नाही, माझं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.